नाव घातलेला तांब्या

पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. सकाळी लवकर गेलं की माल मांडणं अजून चालूच असतं. कुलपं, पाने-पकडी, घड्याळांचे सुटे भाग, अडकित्ते.

तिथं मला एक पितळी तांब्या मिळाला. काळा पडलेला, पण उचलताच हाताला वजन लागलं. नुसता मुलामा असेल तर बुडाशी झिजलेल्या जागी उघडा पडतो. याच्या बुडाशीही पिवळंधमक. काठाखाली अंगठ्यानं चोळलं, तर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली : ‘भाचीस मामाकडून, १९६४’. लग्नात भांड्यावर नाव घालून द्यायची आपली रीत!

भाव मी फारसा केला नाही. दिवसभर उन्हात बसणाऱ्याच्या दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणं मला पटत नाही.

घरी चिंच-मीठ लावून घासला. आतली कल्हई उडाली होती. कल्हईवाला आता गल्लीत येत नाही, त्याला शोधून तांब्या नेऊन द्यावा लागला. आता रात्री तांब्या भरून उशाशी असतो. पाणी पिताना बोटं आपोआप त्या अक्षरांवर जातात, ‘भाचीस’वर.