उपाधीचे माप

एकच तत्त्व ठिकठिकाणी वेगळे का भासते, या प्रश्नाचे उत्तर देताना अद्वैत वेदान्ताने ‘उपाधी’ ही संज्ञा वापरली; जी वस्तूचा भाग नसते, पण सान्निध्यामुळे आपले गुण तिच्यावर चढवते, ती उपाधी. प्रकाशात्मयतींच्या ‘विवरण’ ग्रंथाला मानणाऱ्या परंपरेत यावरून प्रतिबिंबवाद मांडला गेला: आरसा मळका असला तरी मुखाला मळ लागत नाही, आणि आरशाच्या वाकडेपणाची मुखाला वार्ताही नसते. यातला पहिला भाग निर्विवाद आहे. दुसऱ्याची मात्र फेरतपासणी व्हायला हवी.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोऱ्यात बसून पुण्याच्या कचेरीतील संगणक रिमोट डेस्कटॉपने चालवणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. समोरचा लॅपटॉप 1920×1080 चा आणि 150 टक्के स्केलवर, शेजारचा मॉनिटर 1366×768 चा आणि 100 टक्क्यांवर असेल, तर एकीकडे नीट दिसणारी खिडकी दुसरीकडे सरकवताच अवाढव्य किंवा धूसर होते. अशा वेळी संशय केबलवर किंवा नेटच्या वेगावर जातो. पण जोडणी होतानाच इकडचा संगणक पडद्यांची रुंदी, उंची, जागा तिकडे कळवतो, आणि तिकडे त्याच मापाने चित्र रचले जाते. विंडोज 8.1 च्या आधी सर्व पडद्यांना एकच स्केल लागू होई. ‘स्पॅन’ पद्धत तर दोन्ही पडदे मिळून एकच लांब आयत मानते, म्हणून असमान उंचीच्या पडद्यांशी तिचे जमत नाही. अशा वेळी सर्व मॉनिटर वापरण्याचा पर्याय निवडून, मुख्य पडदा व मांडणी ठरवून, जुन्या प्रणालीत साइन आउट करून सत्र नव्याने सुरू करावे लागते. पडदानिहाय स्केल न जाणणारे प्रोग्रॅम तरीही धूसरच राहतात.

म्हणजे येथील दोष पडद्यात नाही आणि दूरच्या संगणकातही नाही. तो दोघांमधल्या सांगण्यात आहे. येथे बिंब, म्हणजे दूरचा संगणक, उपाधीविषयी, म्हणजे पडद्याविषयी, अनभिज्ञ नाही, ते तिचे माप आधी विचारते. अद्वैती यावर म्हणेल की असे विचारणारा तो सगुण ईश्वर, निर्गुण ब्रह्म नव्हे. आणि हा आक्षेप खरोखर वजनदार आहे, कारण माप स्वीकारणे ही क्रिया आहे व ब्रह्म निष्क्रिय मानले जाते.

या वादात बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीची साक्ष मोलाची वाटते. फारुकी सुलतान राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने उभारलेल्या या वास्तूत अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरलेला आहे, आणि त्यात विक्रम संवत 1646 व शके 1511 अशी कालगणना आहे. एकच मजकूर ओढूनताणून दोन्ही वाचकांवर पसरलेला नाही. ज्याला जी लिपी नि जे पंचांग कळते, त्याला त्यातूनच सांगितले आहे. संस्कृत लेखाच्या वंदनेत तर ईश्वराला गुणातीत म्हणून लगेच व्यक्त आणि अव्यक्त ही दोन्ही विशेषणे त्या एकालाच लावली आहेत.