यादीतला सातवा मुद्दा

पुतणी आणि जावई पुढच्या महिन्यात बँकॉकला चालले आहेत. "काका, तुमची ती यादी पाठवा ना," म्हणून तिचा फोन आला. ही यादी आमच्या नात्यात आणि सोसायटीत बरीच फिरली आहे. 2019 च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं आठ दिवस तिथं राहून आलो आणि आल्या आल्या मी ती लिहून काढली होती. पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून काल रात्री उघडली आणि सातव्या मुद्द्याशी अडलो. तिथं मी लिहिलंय : 'टॅक्सीवाल्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. मुद्दाम लांबून फिरवतात. आवाज चढवला की सरळ येतात.'

हे खोटं आहे. आणि लिहिताना ते खोटं असल्याचं मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही खरोखरच फसलो होतो. राजवाड्याच्या भिंतीलगत इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ भेटला. आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, असं त्यानं अदबीनं सांगितलं आणि आम्हाला एका टुकटुकमध्ये बसवून दिलं. वीस बाटमध्ये तीन देवळं दाखवतो म्हणाला. दोन देवळं झाल्यावर टुकटुक एका रत्नांच्या दुकानासमोर थांबली, आणि तासाभरानं आम्ही बाहेर आलो तेव्हा हिच्या बोटात नीलमण्याची अंगठी होती. परत राजवाड्यापाशी आलो, तर दारातून माणसांची ये-जा चालू होती. ही फसवणूक तिथं जुनी आहे आणि पुतणीला त्याबद्दल सांगायलाच हवं : राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकिटं दुपारी साडेतीनपर्यंत मिळतात, आणि बंद आहे की उघडा हे दारावरच्या माणसालाच विचारायचं, रस्त्यावरच्या नाही.

पण मी त्या सकाळचा राग संध्याकाळी दुसऱ्यावरच काढला.

सुखुमवित रस्त्याला फुटलेल्या एका गल्लीत आमचं हॉटेल होतं. तिथं गल्लीला 'सोई' म्हणतात, विषम आकड्यांच्या सोई एका बाजूला, सम आकड्यांच्या समोर. टॅक्सी आमच्या सोईच्या तोंडाशी आली आणि न वळता पुढं गेली. पुढच्या गल्लीतून आत शिरून मागून फिरू लागली. मी ओरडलो. साठीच्या घरातला चालक, त्याच्या आरशाला कळ्यांचा एक छोटा हार टांगलेला. त्यानं हातानं काहीतरी खुणावलं, थाईत दोन शब्द बोलला आणि गप्प झाला. मी आणखी मोठ्यानं बोललो. चारचौघांत आवाज चढवणं तिथं लाजिरवाणं मानतात, हे मी जाण्याआधी वाचलेलं होतं. मीटर 111 बाटवर थांबलं होतं. मी शंभराची नोट पुढच्या सीटवर टाकली आणि दार आपटलं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. त्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी प्रवेशबंदीची पाटी दिसली. एकेरी रस्ता होता. त्याला फिरून येण्यावाचून इलाजच नव्हता. हिनं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही.

इथं तरी मी शहाणा व्हायला हवं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही पाक ख्लोंगच्या फुलबाजारात गेलो. रात्रभर चालणारा बाजार आहे, आवर्जून बघावा असा. मोगऱ्याच्या कळ्या सुईनं इतक्या दाटीनं ओवतात की हाराला दोरा आहे हे दिसतच नाही; खाली गुलाबकळीचा तुरा. हाराला ते 'मालै' म्हणतात, आपलीच माला. हार विकणाऱ्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर वीस दाखवले. मी पाच हारांचे साठ दाबले, त्यांनी मान हलवली, मी पाठ फिरवून चालू लागलो, आणि त्यांनी हाक मारली. माझे चाळीस बाट वाचले, म्हणजे आपले शंभराच्या आत. दुसऱ्या दिवशी ते हार चितलोम स्टेशनजवळच्या एरावान देवस्थानात ब्रह्मदेवाला वाहिले. हार वाहताना ही हळूच म्हणाली, "देवाच्या फुलांना घासाघीस करत नाहीत ना आपल्याकडे." माझी आई फुलवालीनं सांगितलेली किंमत मुकाट देत असे. ते बघत मी मोठा झालो.

यादीचा नववा मुद्दा असा आहे : 'निम्म्याहून कमी किंमत सांगा आणि चालू लागा.'

रात्री बराच वेळ मी स्वतःला विचारत बसलो, मी असं का लिहिलं? राजवाड्यापाशी मी भोळा ठरलो होतो. निदान यादीत तरी हुशार ठरायचं होतं. अंगठीची गोष्ट मी त्यात लिहिलीच नाही, नुसतं 'दलालांपासून सावध' म्हणून सोडून दिलं. आणि जिथं चूक माझी होती, तिथं मात्र जिंकलेला माणूस म्हणून उभा राहिलो. वर्षभरापूर्वी खालच्या मजल्यावरचा मुलगा बँकॉकहून आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं तसा आवाज चढवला, टॅक्सीवाला लगेच सरळ आला!" मी हसून मान डोलावली. त्या चालकाचा रस्ता एकेरी होता की नाही, हे मी विचारलं नाही.

यादीत कुठंच नसलेल्या गोष्टीही आठवल्या. वात फोमध्ये 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात 108 चिन्हं आहेत. मागच्या भिंतीलगत 108 भांडी ओळीनं मांडलेली, लोक एकेकात नाणं टाकत जातात आणि सगळा वेळ तो किणकिणाट चालू असतो. शेजारच्या मंदिरात मी मूर्तीकडे पाय पसरून बसलो होतो. तिथल्या एका वृद्धानं न बोलता माझ्या गुडघ्याला हलकेच स्पर्श केला आणि पाय मागे घ्यायला खुणावलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या माणसाची चूक अशीही दाखवता येते, हे तिथं मला कुणीतरी शिकवलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

पहाटेपर्यंत यादी नव्यानं लिहिली. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पाय मूर्तीकडे नकोत. बाईनं भिक्खूंना स्पर्श करू नये. गाडीत त्यांच्यासाठी जागा राखलेली असते, ती सोडावी. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की स्टेशनातली गर्दी जागच्या जागी थांबते, तुम्हीही थांबा. शाकाहारी जेवणासाठी पिवळ्यावर लाल अक्षरातली 'जे' ची खूण शोधा, कारण माशाचा सॉस भाजीतही असतो. फुलांना सांगतील ती किंमत द्या.

सातव्या मुद्द्यात लिहिलं : 'मीटर लावायला सांगा, 35 बाटपासून सुरू होतं. गाडी फिरून गेली तर आधी पाट्या बघा. मी बघितल्या नाहीत, एका निरपराध माणसावर ओरडलो आणि त्याचे अकरा बाट बुडवले. जुन्या यादीतला हा मुद्दा खोटा होता.'

पुतणीला पाठवली. मग वही घेतली आणि जुनी यादी कुणाकुणाला दिली होती ती नावं आठवून लिहू लागलो. आतापर्यंत सतरा झाली आहेत. पहिलं खालच्या मजल्यावरच्या मुलाचं आहे.