परहस्तगत हक्क

सोलापुराहून विजापुराकडे जातांना सीना ओलांडली कीं थोड्याच वेळांत मंद्रूप येतें. दक्षिण सोलापूर तालुक्यांतील हें एक मोठें गांव. भोवतालच्या खेड्यांचा येथें सतत राबता असतो, आणि घरीं कानडी व कचेरींत मराठी बोलणारीं माणसें येथें पुष्कळ आढळतात. 2025 च्या सप्टेंबरांत सीनेला पूर आला, तेव्हां हा रस्ताहि कांहीं काळ बंद पडला होता. पूर ओसरल्यानंतर एका परिचिताच्या कामानिमित्त मी मंद्रुपांतील एका सेवाकेंद्रांत बसलों होतों. तेथें पाहिलेला प्रसंग अगदीं साधा आहे. परंतु त्यानें माझ्या मनांत जो प्रश्न उत्पन्न केला तो साधा नाहीं.

सत्तरीच्या घरांतील एक शेतकरी पुराच्या मदतीकरितां आपली ओळख पटवावयास आला होता. यंत्रावर त्यानें चारपांच वेळां अंगठा ठेवला. जन्मभर खुरपें आणि कासरा धरून झिजलेल्या त्या अंगठ्याच्या रेषा यंत्रास कांहीं केल्या सांपडेनात. तेव्हां केंद्रावरील मुलगा नम्रपणें म्हणाला, “मामा, आता फोनवर नंबर येईल, तेवढा सांगा.” म्हातारा म्हणाला, “फोन भाच्याकडं हाय.” भाच्यास दुसऱ्याच्या फोनवरून विचारण्यांत आलें, त्यानें सहा आंकडे वाचले, म्हाताऱ्यानें ते सर्वांस ऐकूं जातील एवढ्या मोठ्यानें उच्चारले, आणि मुलानें ते टिपून घेतले. काम झालें. कोणीं कोणास फसविलें नाहीं. उलट तिघेहि सज्जनपणेंच वागले.

परंतु ज्या संदेशांतून ते सहा आंकडे येतात, त्याच संदेशांत ते कोणासहि सांगूं नयेत अशी ताकीद असते! सांगितल्यावांचून काम होत नाहीं, आणि सांगितलें तर पुढें होणाऱ्या नुकसानीचा दोष सांगणाऱ्याच्या माथीं. जें कर्तव्य पाळणें एखाद्यास अशक्य करून ठेविलें आहे, तें त्यानें मोडलें असें म्हणण्याचा अधिकार कोणास पोंचतो? आणि याहून खोल प्रश्न असा कीं, जो हक्क माणसास केवळ दुसऱ्याच्या हातूनच बजावतां येतो, तो त्याचा हक्क राहतो काय?

येथें सरकारी धोरणास अन्याय होऊं नये. गांवोगांवीं तार नेण्याचा उद्योग लहान नाहीं. अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना 2011 च्या ऑक्टोबरांत मंजूर झाली. पुढें तिला ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. आणि 2023 च्या ऑगस्टांत तिच्या सुधारलेल्या आवृत्तीस 1,39,579 कोटि रुपये मंजूर झाले. सात-बाराच्या एका उताऱ्यासाठीं एका कचेरीच्या पायऱ्या मीं सहा वेळां झिजविल्या आहेत. आतां तो उतारा घरबसल्या मिळतो. यंत्र तोंड पाहून काम करीत नाहीं, आणि चहापाणी मागत नाहीं. ज्यांस जुन्या दफ्तराचा गोडवा वाटतो त्यांनीं जोतीराव फुल्यांचा 1883 चा ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हां उघडून पाहावा. निरक्षर कुणब्यास कुळकर्ण्याची लेखणी कशी नागवीत असे, याचें वर्णन त्यांत विस्तारानें आहे. कुळकर्णी वतन नष्ट करणारा कायदा 1950 सालीं झाला. त्याच्या जागीं तलाठी आला, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ आली. आपल्या शेतांतील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच, शेतांत उभें राहून, फोननें छायाचित्र घेऊन करावी, अशी ही योजना. माझ्या पिकाची नोंद मीच करणार, अशा भावार्थाचा तिचा घोष.

त्यांतील ‘मीच’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. फुल्यांस जें हवें होतें तें हेंच नव्हे काय? परंतु एकाच फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करतां येतात, हेंहि त्याच योजनेंत आहे; म्हणजे व्यवहारांत हा ‘मी’ पुष्कळदां पुतण्या असतो, भाचा असतो, किंवा दर नोंदीमागें पैसे घेणारा शेजारचा तरुण असतो. जुना लेखनिक गेला खरा, परंतु लेखणी मालकाच्या हातीं आलीच असें नव्हे.

कोणी म्हणेल, भाचा परका थोडाच आहे? आपल्या समाजांत म्हाताऱ्यांचीं कामें तरुण करीतच आले. हें खरें, आणि या आक्षेपांत तथ्यहि आहे. परंतु जी मदत नाकारतां येते तीच मदत. जी नाकारतां येत नाहीं तें परावलंबन. उद्यां मामाभाच्यांत बांधावरून वितुष्ट आलें, तर मामानें आपल्याच पैशांसाठीं भाच्याची मनधरणी करावयाची. ज्या घरांत फोन एकट्या नवऱ्याजवळ असतो, तेथील बाईस हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

आणि धोरणानेंच कुटुंबांतील एकाला जाणता व बाकीच्यांना अजाण धरलें आहे. 2017 सालीं मंजूर झालेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचें उद्दिष्ट सहा कोटि कुटुंबांचें होतें, पण घरटी एकाच माणसाचें. शिक्षण 20 तासांचें, आणि वय 14 ते 60. आमचा हा सत्तरीचा शेतकरी त्या शाळेंत बसूंच शकला नसता. ज्यास शिकविण्याची जबाबदारी सरकार घेत नाहीं, त्याजकडून तें ज्ञान मात्र गृहीत धरतें, हा न्याय मला उमगत नाहीं.

जुन्या व्यवहारांत निदान एक नियम होता. निरक्षराच्या अंगठ्याचा दस्तऐवज पुढें आला, कीं तो त्यास वाचून व समजावून सांगितला होता काय, असें न्यायालय विचारी, आणि आजहि विचारतें. सहा आंकड्यांविषयीं असें कोण विचारतो? 30 एप्रिल 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमांतील जीविताच्या हक्काचा भाग मानला. आम्लहल्ल्यानें डोळे व चेहरा विद्रूप झालेल्यांस ओळख पटविण्याकरितां पापण्यांची उघडझांप करून दाखवा असें यंत्र सांगे. त्यांची व अंधांची ती दाद होती. जें तत्त्व मिटूं न शकणाऱ्या पापणीस लागूं, तें झिजलेल्या अंगठ्यास कां लागूं नसावें? प्रत्येक अप्पर तहसिलींत आणि ग्रामपंचायतींत कागदाचा दरवाजा उघडा राहावा, तो मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून. आणि दुसऱ्याच्या हातून झालेल्या प्रत्येक नोंदींत त्या दुसऱ्याचें नांव लिहिलें जावें. एवढें मागणें फार आहे, असें मला वाटत नाहीं. यानें काम थोडें मंदावेल, हें मला कबूल आहे.

म्हातारा उठण्यापूर्वीं मुलानें पडद्यावरील एका लहानशा चौकटींत खूण केली होती. पुढें ओळ होती, तिचा भावार्थ असा कीं, माझी माहिती वापरण्यास मी स्वखुषीनें संमति देतों. मीं मुलास विचारलें, “हें त्यांना सांगितलेंत काय?” तो क्षणभर गोंधळला, आणि मग हंसून म्हणाला, “सर, ते असंच असतं. त्याच्याशिवाय पुढं जात नाही.” तोंवर म्हातारा पावती टोपींत खोंचून रस्त्यावर पोंचला होता.