स्टीफनची रेष

२००५ साली स्टीफन विल्टशर या ब्रिटिश चित्रकाराला हेलिकॉप्टरमधून टोकियो दाखवलं गेलं. त्यानंतर दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर त्यानं ते शहर आठवणीतून काढलं, सात दिवसांत. पुढं रोम, हाँगकाँग, माद्रिद, दुबई ही शहरंही अशीच उतरली. न्यूयॉर्कवरची फेरी तर जेमतेम वीस मिनिटांची होती. लोक त्याच्या चित्राशेजारी फोटो ठेवून खिडक्या मोजतात, आणि बातम्या त्याला ‘मानवी कॅमेरा’ म्हणतात. या कौतुकात स्टीफनमधला चित्रकारच हरवतो, असं मला वाटतं.

स्टीफनचा जन्म १९७४ सालचा, लंडनचा. आई-वडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. तो तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं निदान झालं, आणि त्याच वर्षी वडील मोटरसायकलच्या अपघातात गेले. मूल बोलत नव्हतं. पाचव्या वर्षी त्याला लंडनच्याच क्वीन्समिल शाळेत घातलं. तिथं तो सतत चित्रं काढायचा. त्यानं तोंड उघडून मागावं म्हणून शिक्षकांनी काही काळ चित्रांचं साहित्य काढून घेतलं, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द आला : ‘पेपर’. शिक्षकांच्या मायेबद्दल मला शंका नाही, उपाय लागूही पडला. तरी ही हकीकत वाचताना जीव कासावीस होतो. ते पोर त्याआधीही बोलतच होतं, कागदावर.

त्याच काळात इंग्लंडमध्ये नादिया नावाच्या स्वमग्न मुलीची चर्चा होती. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. अगदी लहान वयात ती थक्क करणारे घोडे काढायची. पुढं भाषा येऊ लागली तशी ती कला ओसरली. त्यामुळं वाचा आली की चित्र जातं, अशी भीती अनेकांना वाटू लागली. स्टीफन नवव्या वर्षाच्या सुमारास नीट बोलू लागला, आणि त्याचं चित्र वाढतच गेलं. १९८७ साली बीबीसीच्या कार्यक्रमात वास्तुरचनाकार ह्यू कॅसन यांनी त्याला बहुधा ब्रिटनमधला सर्वोत्तम बालचित्रकार ठरवलं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. शाळेत भूकंपाच्या विध्वंसाचे फोटो पाहिल्यावर लहानग्या स्टीफननं जी शहरं काढायला घेतली, ती जगात कुठंच नव्हती. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी त्याच्यासोबत प्रवास केला आणि १९९५ च्या ‘ॲन अँथ्रोपॉलॉजिस्ट ऑन मार्स’ या पुस्तकात त्याच्यावर दीर्घ प्रकरण लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की या चित्रांत काही वाढवलेलं असतं, काही गाळलेलं, काही बदललेलं. आणि शैली कुठंही ओळखू यावी अशी. व्हेनिसपेक्षा त्याला ॲमस्टरडॅम आवडलं, कारण तिथं मोटारी होत्या! ज्याला व्हेनिस नाकारता येतं, त्याला यंत्र कसं म्हणायचं? त्याची शाईची रेष सरसर जाते, कमानीपाशी रेंगाळते, रस्त्यातल्या टॅक्सीपाशी खुलते. इतकं शहर ध्यानात राहणं अद्भुतच आहे. पण ती स्मृती हा त्याचा कच्चा माल. त्यातून काय घ्यायचं, हे तो ठरवतो.

स्मृतीच्या या गौरवाचा भार मात्र इतर घरांवर पडतो. बहुतेक स्वमग्न माणसांकडे अशी असामान्य शक्ती नसते. निदान झालेल्या मुलाच्या आई-वडिलांना मात्र नातेवाईक हटकून विचारतात, ‘मग याच्यात काय विशेष आहे?’ जणू आदर मिळवायचा तर आधी चमत्कार दाखवायला हवा. हे मला अन्यायाचं वाटतं. स्टीफनला तरी कागद मिळाला तो चमत्कार सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी.

२००६ साली त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला आणि लंडनमध्ये त्याचं स्वतःचं कलादालन सुरू झालं. त्याची चित्रं पाहाल तेव्हा खिडक्या मोजू नका, रेषेच्या मागं जा. आणि ओळखीत एखादं स्वमग्न मूल असेल, तर त्याच्या आईला एवढंच विचारा, की त्याला काय आवडतं.