प्रतीची प्रतिष्ठा

मूळ चित्र एकच असते. छापील प्रती मात्र हव्या तितक्या निघतात. मग अशी स्वल्प किमतीची प्रत भिंतीवर लावणाऱ्याला कलेचा लाभ झाला म्हणावयाचे, की केवळ तिच्या छायेचा? मार्च २०२५ मध्ये निवर्तलेले स्कॉटिश चित्रकार जॅक व्हेट्रियानो यांच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हांस पुन्हा विचारात घ्यावासा वाटतो.

फाइफ परगण्यातील खाणकामगाराच्या घरी १९५१ साली त्यांचा जन्म झाला. शाळा लवकर सोडून तेही खाणीतच उमेदवारी करू लागले. एकविसाव्या वाढदिवशी एका मैत्रिणीने जलरंगांची पेटी दिली, तेव्हापासून ते आपले आपणच शिकले. त्यांचे ‘द सिंगिंग बटलर’ हे चित्र १९९२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनाने नाकारले. २००४ साली तेच चित्र लिलावात ७,४४,८०० पौंडांना गेले. दरम्यान भित्तिचित्रे आणि शुभेच्छापत्रे यांच्या रूपाने ते ब्रिटनमधील असंख्य घरांत पोहोचले होते.

समीक्षकांनी त्यांना उथळ ठरवले. २००५ साली तर या चित्रातील आकृत्या रेखाटनकारांसाठी छापलेल्या एका नमुनापुस्तकावरून घेतल्याचे उघड झाले, आणि उपहासाला ऊत आला. आम्हांस तो उपहास न्याय्य वाटत नाही. जे पुस्तक चित्रकारांनी पाहून काढावे म्हणूनच छापले, ते पाहून काढणे ही चोरी कशी? शिवाय भित्तिचित्र विकत घेणारी गृहिणी फसत नाही. आपण कागद घेत आहोत हे तिला पक्के ठाऊक असते. तिला हवे असते ते चित्र, त्याची मालकी नव्हे.

खरी नैतिक अडचण आम्हांस दिसते ती ‘मर्यादित आवृत्ती’च्या व्यवहारात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापताना पत्रा झिजतो, आरंभीचे ठसे अधिक स्पष्ट उमटतात. तेथे क्रमांकाला काही अर्थ होता. आजच्या संगणकीय छपाईत पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत यांत डोळ्यांना भेद सापडावयाचा नाही. तरीही संख्या मुद्दाम रोखली जाते, कोपऱ्यात पेन्सिलीने सही होते आणि किंमत चढते. बँक्सी या अज्ञातनामा चित्रकाराने ‘फुगा आणि मुलगी’ या चित्राच्या १५० सहीच्या व ६०० बिनसहीच्या प्रती काढल्या. सामान्यांच्या आवाक्यात कला यावी म्हणून निघालेल्या अशा प्रती आज लिलावगृहांत हजारो पौंडांना विकल्या जातात. म्हणजे टंचाई निसर्गाने नव्हे, माणसाने निर्माण केली. (याच बँक्सीने २००५ साली व्हेट्रियानोंच्या चित्रावर विडंबन रचले, व्हेट्रियानोंच्या निधनाची वार्ता आली त्याच आठवड्यात ते सुमारे ४३ लाख पौंडांना गेले. विडंबन मूळ चित्राहून कितीतरी महाग!)

तथापि स्वस्त प्रतीच्या बाजूने बोलताना एक आक्षेप टाळता येत नाही. जे चित्र पाहताक्षणी आवडते, ते पाहणाऱ्याकडून काहीच मागत नाही, आणि रुची आळसावते. हा आक्षेप पोकळ नाही. लाल झग्यातली स्त्री, काळ्या पोशाखातला पुरुष, ओल्या वाळूवरचे त्यांचे नृत्य, एवढे पाहून बहुतेकांचे समाधान होते. परंतु घरातल्या भिंतीवरचे चित्र एकदाच पाहिले जात नाही. जेवताना, आजारपणात, कोणाची वाट पाहताना त्यावर वर्षानुवर्षे नजर जाते. संग्रहालयातील पाच मिनिटांना ही सवड नसते. एखादे दिवशी त्या घरातल्या कोणाचे तरी लक्ष कडेला उभ्या असलेल्या दोघांकडे जाईल. सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री सावरणारी मोलकरीण आणि तसाच छत्री धरून उभा असलेला चाकर. खाणकामगाराच्या मुलाने चित्राला नाव दिले आहे ते नाचणाऱ्यांचे नव्हे, त्या चाकराचे.