मधल्या माणसाचें ऋण

दया हा सर्व सद्गुणांत श्रेष्ठ सद्गुण मानला जातो. परंतु जो स्वतःच दुसऱ्याचा देणेकरी आहे, त्यानें आपल्या देणेकऱ्यावर दया करावी काय, आणि करावी तर कोणाच्या पैशानें, या प्रश्नाचा विचार सहसा होत नाहीं. नीतीच्या ग्रंथांत धनको आणि ऋणको अशीं दोनच माणसें असतात. व्यवहारांत मात्र धनकोच्या पाठीशीं बहुधा दुसरा एक धनको उभा असतो.

भंडारा जिल्ह्यांतील मालगुजारीचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे. 1860 नंतरच्या बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें मध्यप्रांतांतील मालगुजारांस गांवांची मालकी दिली. कुळांकडून लगान घ्यावें, त्यांतून सरकारी सारा भरावा आणि उरेल त्यावर आपला चरितार्थ चालवावा, अशी ती व्यवस्था होती. मालकीबरोबर ती गहाण टाकण्याचा अधिकारही आला. आणि अधिकार आला तेथें सावकार आलाच. धान हें या जिल्ह्याचें मुख्य पीक. पाऊस चुकला कीं तळीं आटावीं, बांध्या पडित रहाव्या, आणि कुळानें रित्या हातांनीं मालगुजाराच्या वाड्यासमोर उभें रहावें. 1896-97 व 1899-1900 या दुष्काळांत मध्यप्रांतानें हें दुःख पुरेपूर भोगलें. वाड्यांत बसलेला मालगुजारही अशा वेळीं निश्चिंत नसे. साऱ्याची मुदत आणि सावकाराचें व्याज, यांपैकीं कोणतेंच पावसाकडे पाहून थांबणारें नव्हतें.

अशा वेळीं मालगुजारानें काय करावें? कोणी म्हणतील, कुळास सर्व माफ करावें. पण मग गांव लिलावांत जाईल, आणि नवा मालक कुळांना ओळखणाराही नसेल. दुसरे म्हणतील, करार तो करार. वसुली झालीच पाहिजे. परंतु सावकारानें गांव गहाण घेतलें, म्हणजे घेतलें तरी काय? केवळ माती नव्हे; त्या मातींत राबणाऱ्याचे श्रम आणि त्या श्रमांवर पडणारा पाऊसच त्यानें तारण घेतला. चांगल्या वर्षीं ज्याचें व्याज कुळाच्या घामांतून निघतें, त्यानें वाईट वर्षीं त्या कुळाशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें म्हणणें न्यायाचें नव्हे. व्याज मुदलापेक्षां अधिक होऊं नये, हा आपल्या धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम याच जाणिवेंतून आला असावा. 1933 सालीं मध्यप्रांतांत कर्जतडजोडीचा कायदा झाला, त्यानेंही ऋणकोची ऐपत पाहून देणें ठरवावें हें तत्त्व मान्य केलें.

तरी सर्व भार सावकारावर टाकून मधल्या माणसाची सुटका होत नाहीं. त्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हें कर्ज कशासाठीं काढलें होतें? तळ्याची पाळ दुरुस्त करण्यासाठीं काढलेलें कर्ज आणि मुलीच्या लग्नांत हत्ती-घोडे मिरविण्यासाठीं काढलेलें कर्ज, हीं दोन्हीं सावकाराच्या वहींत सारखींच दिसतात. नीतीच्या वहींत सारखीं नाहींत. पहिल्याचा लाभ कुळासही झाला. म्हणून त्याच्या परतफेडींत हातभार लावा, थोडी कळ सोसा, असें कुळास म्हणतां येईल. दुसरें कर्ज मात्र मालकानें आपलें दागदागिने विकून फेडावें. त्यासाठीं कुळाच्या बियाण्यास हात लावण्याचा अधिकार त्याला नाहीं.

1951 सालीं मालगुजारी संपली. तळीं सरकारजमा झालीं आणि 'मामा तलाव' या नांवानें आजही तीं ओळखलीं जातात. पण मधला माणूस संपला नाहीं. बँकेचें कर्ज काढून दोन खोल्या बांधणारा आणि भाड्यांतून हप्ता भरणारा घरमालक हा त्याचाच वंशज होय. 2020 च्या साथींत रोजगार बंद पडले, तेव्हां महाराष्ट्र शासनाच्या गृहनिर्माण विभागानें घरमालकांस भाडेवसुली निदान तीन महिने पुढें ढकलण्यास सांगितलें. रिझर्व्ह बँकेनेंही मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. परंतु त्या काळांत व्याज चालूच राहिलें. लांबणीवर टाकणें म्हणजे माफ करणें नव्हे, हें मालक आणि भाडेकरू दोघांनाही मागाहून कळलें. व्याजावर व्याज घेऊं नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 2021 च्या मार्चांत झाला.

बँकेच्या मागेंही ठेवीदार आहेत. त्यांत एखादी विधवा, एखादा निवृत्त शिक्षकही असेल. म्हणून ही साखळी कोणा एकाच्या औदार्यानें तुटणार नाहीं. तोट्याची विभागणीच केली पाहिजे. ती करतांना एक भेद विसरतां कामा नये. मालकाचा तोटा बहुधा मालमत्तेचा असतो. कुळाचा तोटा अन्नाचा आणि आश्रयाचा असतो. म्हणून मधल्या माणसाचें कर्तव्य मला असें दिसतें: वरून जी सवलत मिळेल ती त्यानें खालीं पोंचवावी, स्वतःजवळ अडवूं नये; आणि वरून कांहींच न मिळाल्यास प्रथम आपला खर्च कमी करावा, मग आपला हिशेब कुळापुढें मोकळेपणानें मांडावा, आणि मगच त्याच्याकडे मागावें. तळ्याचें पाणी वरच्या बांधींतून खालच्या बांधींत जातें. वरच्यानें आपली बांधी भरून पाट बुजविला, तर खालचें धान करपतें. आणि त्याचा दोष पावसास देतां येत नाहीं.