सोडल्याने काय कळतं?

दूधगंगेकाठचं सदलगा हे जैन आचार्य विद्यासागरांचं जन्मगाव. १९४६ साली जन्मलेल्या या मुनींनी मीठ सोडलं, साखर सोडली. त्यासाठी कुणी पुरावा मागितला नाही. मागायचं कारणही नव्हतं. व्रत घेणारा स्वतःच्या जिभेला बांधतो, मिठाविषयी काही सिद्ध करत नाही. पण रुग्णाच्या तळहातावर गव्हाचे दाणे ठेवून त्याचा ताठ धरलेला हात खाली दाबणारा आणि ‘ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, तुम्हाला सोसत नाही’ म्हणणारा उपचारक दावा करत असतो. दाव्याला हेतू, म्हणजे तो सिद्ध करणारं कारण, लागतो. सोडणं पुण्याचं मानणाऱ्या मुलखात हा फरक पटकन पुसला जातो.

हेतू कसा असावा, हे जैन तर्कशास्त्रानेच बारकाईने सांगितलं आहे. पात्रस्वामींच्या मते खऱ्या हेतूचं लक्षण एकच, अन्यथानुपपन्नत्व: साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नसेल तर हेतूही संभवता कामा नये. आता ‘गहू बंद केला, पोट हलकं झालं’ हा हेतू तपासा. गव्हाबरोबर पाव, खारी, बिस्किटं आणि त्यातलं तूप-साखरही गेली. शिवाय गव्हात फ्रुक्टान नावाची, आतड्यात आंबून वायू तयार करणारी कर्बोदकं असतात. ग्लुटेन बाधतं अशी खात्री असलेल्या ५९ जणांवरचा नॉर्वेतला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. कशात काय आहे हे न सांगता खायला दिल्यावर त्यांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानचा त्रास जास्त झाला. म्हणजे पोट हलकं होतं ते खरंच, पण ग्लुटेनचा दोष नसतानाही होतं. हात खाली जाण्याबद्दल तर बोलायलाच नको. तो दाबणाऱ्याच्या जोरानेही जातो.

आयुर्वेदात उपशय, म्हणजे पथ्य-औषधाने उतार पडतो का ते पाहणं, हे निदानाचं साधनच आहे, असा आक्षेप येईल. आहेच, पण निदानपंचकातल्या पाचांपैकी ते एक. उरलेली चार टाकून उपशयावर रोगाचं नाव ठरवणं आयुर्वेदालाही मान्य नसावं. दुसरा आक्षेप अनेकान्ताचा: प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं सत्य असतंच की! पण नय, म्हणजे एका बाजूने खरं असलेलं म्हणणं, वेगळा आणि नयाभास, म्हणजे तीच बाजू पूर्ण सत्य मानणं, वेगळा, हे अनेकान्तवाद्यांनीच बजावलं आहे. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा वाटतो: चूक ठरलं तरी ज्वारीची भाकरी खाऊन बिघडतं काय? भाकरीने काहीच बिघडत नाही, क्रम बिघडतो. ज्यात ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या सिलिअ‍ॅक रोगाची रक्तातली प्रतिपिंडं आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच भरवशाची. आधीच सोडला, तर आतडं भरून येऊ लागतं आणि खरा रोगीही अहवालात निरोगी दिसतो. मग ‘थोडं चालतं’ म्हणत तो सणाची पुरणपोळी खातो. खऱ्या सिलिअ‍ॅकवाल्याला थोडंही चालत नाही. बांधणीच्या हिंगात मैदा आहे का, हे त्याला डबीवर वाचावं लागतं; आणि गिरणीत ज्वारी टाकण्याआधी त्याच जात्यावर कुणाचे गहू दळले, हेही विचारावं लागतं.